स्वस्त विजेचे घड्याळ : शेतातल्या स्टार्टरपासून नाशिकच्या वाहनतळातील चार्जरपर्यंत

नाशिकच्या गंगापूर रोडवरील किंवा इंदिरानगरमधील नव्या सोसायटीच्या वाहनतळात भिंतीवर टांगलेली, जाडजूड पुस्तकाएवढी पेटी आता नवलाची राहिलेली नाही. तिची केबल मोटारीत खोचली की मोबाईलच्या पडद्यावर प्रश्न उमटतो : चार्जिंग आत्ताच सुरू करायचे, की ठरावीक वेळी?

हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे शतकाहून जुना इतिहास आहे. त्यातला महाराष्ट्राचा भाग मोटारींच्या कारखान्यांत फारसा घडला नाही. तो घडला एकलहऱ्याच्या चिमण्यांखाली, सातपूर-अंबडच्या रात्रपाळीत आणि निफाडच्या द्राक्षबागांत.

आधी त्या पेटीविषयी. बहुतेकांना ठाऊक नसते की ती चार्जर नव्हेच. घरातल्या एसी विजेचे डीसीत रूपांतर करून बॅटरी भरणारा खरा चार्जर मोटारीच्या पोटात असतो. भिंतीवरची पेटी म्हणजे एक शहाणा स्विच. ती केबलमधल्या एका बारीक तारेतून सेकंदाला १,००० वेळा धडकणारी नाडी मोटारीकडे पाठवते. नाडीचा ठोका १० टक्के काळ चालू असेल तर मोटारीने ६ अँपिअरपर्यंतच वीज घ्यायची. ५० टक्के काळ असेल तर ३० अँपिअरपर्यंत. ‘स्मार्ट’ पेटीत याखेरीज असते ते एक मीटर, एक घड्याळ आणि इंटरनेटची जोडणी. म्हणजे सारे शहाणपण ‘किती’ आणि ‘केव्हा’ या दोन शब्दांत सामावलेले. ‘किती’ अभियंत्यांनी सोडवले. ‘केव्हा’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे.

ती सुरू होते विसाव्या शतकाच्या आरंभी, अमेरिकेत. तेथे तेव्हा विजेवरच्या मोटारी सर्रास धावत होत्या. डेट्रॉईट इलेक्ट्रिक या कंपनीची पहिली मोटार १९०७ साली आली, आणि पेट्रोलच्या गाड्यांवर साम्राज्य उभारणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः याच कंपनीची मोटार चालवीत. पण शहरांत एसी वीज पसरत होती आणि बॅटरीला हवी होती डीसी. पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ साली पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर शोधला आणि हा पेच सुटला. जनरल इलेक्ट्रिकने तो घरगुती गॅरेजसाठी विकायला काढला. काचेच्या फुग्यात निळसर-जांभळा उजेड थरथरत असे आणि सकाळपर्यंत मोटार तयार होई.

वीज कंपन्यांना ही मोटार फार प्रिय होती, आणि त्याचे कारण धंद्याचे होते. संध्याकाळच्या दिव्यांसाठी उभारलेली जनित्रे मध्यरात्रीनंतर जवळजवळ रिकामी फिरत. त्या वेळी वीज घेणारे गिऱ्हाईक म्हणजे बसल्या जागी उत्पन्न. ‘रात्री घ्या, स्वस्त घ्या’ हा विचार तिथेच रुजला. मोटारी मागे पडल्या, विचार टिकला. ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘इकॉनॉमी ७’ नावाचा दर आला, तो रात्रीच्या सात तासांसाठीच.

महाराष्ट्रात हीच रात्र कोळशाने आणली. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रातील पहिले संच १९७० च्या सुमारास सुरू झाले, प्रत्येकी १४० मेगावॉटचे. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटच्या तीन संचांची भर पडली. कोळशाच्या बॉयलरचा स्वभाव चुलीसारखा नसतो. रात्री अकराला विझवून पहाटे पाचला पेटवता येत नाही. तो मंद करता येतो, तोही एका मर्यादेपर्यंत. परिणामी संध्याकाळी वीज अपुरी आणि रात्री शिलकी, ही राज्याची जुनी व्यथा होऊन बसली.

या शिलकेचे राज्याने तीन प्रकारे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला उपाय डोंगरात आहे. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ साली कार्यान्वित झाला. शिलकी विजेने खालच्या धरणातले पाणी सह्याद्रीच्या कड्यावर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज मिळवायची. मोटारीच्या बॅटरीत आणि घाटघरच्या तलावात तत्त्वाचा फरक नाही. एक लिथियमची, दुसरी पाण्याची, इतकेच.

दुसरा उपाय कागदावर झाला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या ५ मे २००० च्या पहिल्याच दर आदेशापासून मोठ्या उद्योगांना दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा दर लागू झाला. पुढे स्थिरावलेले आकडे कारखानदारांना तोंडपाठ होते : रात्री १० ते सकाळी ६ प्रतियुनिट दीड रुपया सवलत, सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. सातपूर-अंबडमध्ये भट्टी वा मोठी यंत्रे चालवणाऱ्याला रात्रपाळीचे गणित या आकड्यांनी शिकवले.

तिसरा उपाय शेतकऱ्याच्या वाट्याला आला, आणि त्याला कुणी सवलत म्हटले नाही. शेतीपंपांना पाळीपाळीने वीज मिळे : काही दिवस दिवसा आठेक तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास. शेतीची वीज दराने स्वस्त होती, हे खरे. पण कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यावर छप्पर असते, दिवे असतात. निफाड किंवा दिंडोरीत रात्री दोन वाजता मोटार चालू करायला निघालेल्या माणसाच्या हातात विजेरी असते, पायाखाली साप आणि उसाच्या कडेला बिबट्याची धास्ती. एकच शिलकी वीज. तिचा लाभ एकाच्या बिलात उतरला, तिची किंमत दुसऱ्याच्या झोपेत.

या अंधाऱ्या वाटेवरच महाराष्ट्रातल्या ‘स्मार्ट’ स्विचचा जन्म झाला. आधी आला ऑटोस्विच : वीज आली की स्टार्टर आपोआप उचलणारा, शेपाचशे रुपयांचा जुगाड. मग पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण घडवले. विहिरीवर वीज आहे की नाही हे मोबाईलने विचारायचे आणि घरबसल्या मोटार चालू-बंद करायची. २००९ साली नोकियाच्या जागतिक नवकल्पना स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. मोबाईलवरून दूरच्या विजेच्या भाराला हुकूम देणे ही शहरी चैन म्हणून जन्मली नाही. रात्रीची पायपीट टाळण्यासाठी जन्मली.

पण ऑटोस्विचने एक धडाही दिला. थ्री-फेज वीज येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठत. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. पंधरा-वीस मोटारींनी तो एकदम ओढला की डीपी जळे. मग ऐन हंगामात नव्या डीपीसाठी वर्गणी, हेलपाटे, करपणारे पीक. ‘ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ हे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करीत आली आहे. प्रत्येक स्विच आपल्यापुरता शहाणा होता. सगळे मिळून वेडे ठरत.

आता ब्रिटनचा एक कायदा पाहावा. ३० जून २०२२ पासून तेथे खासगी वापरासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चार्जरला काही नियम लागू झाले. गर्दीच्या वेळा टाळणारे वेळापत्रक त्यात आधीच भरलेले हवे. शिवाय ठरलेली वेळ झाली तरी चार्जरने लगेच सुरू व्हायचे नाही. शून्य ते दहा मिनिटांमधला कुठलाही यादृच्छिक विलंब घेऊन मगच सुरू व्हायचे. कारण स्वस्त दराचा ठोका पडताच देशभरच्या मोटारी एकदम वीज ओढू लागल्या, तर जाळे कोलमडेल. जळालेल्या डीपीभोवती जमलेल्या कुठल्याही गावाने हे कलम मसुदाकारांना आनंदाने सुचवले असते.

महाराष्ट्रात सामूहिक शहाणपणाचाही एक प्रयोग झाला होता. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण जन्माला आली ती भारनियमनाच्या भर काळात. त्याच सुमारास ‘अक्षय प्रकाश योजना’ आली. गावाने संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी पंप आणि इतर जड उपकरणे आपणहून बंद ठेवायची; बदल्यात घरांतले दिवे भारनियमनातून सुटणार. ना ॲप, ना इंटरनेट. गावकऱ्यांचा शब्द हेच नियंत्रण. आज ज्याला भारव्यवस्थापन म्हणतात ते याहून फार निराळे नाही.

मोटारी मात्र सावकाश आल्या. बंगळूरची ‘रेवा’ २००१ मध्ये विक्रीला निघाली : शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, साधा १५ अँपिअरचा सॉकेट, पूर्ण भरायला आठेक तास. नाशिकच्या सातपुरात मोठा वाहनकारखाना असलेल्या महिंद्र समूहाने २०१० मध्ये रेवा कंपनीतला बहुसंख्य हिस्सा घेतला आणि मार्च २०१३ मध्ये ‘ई२ओ’ आणली. मोबाईलवर बॅटरी पाहता येणारी आणि घरातूनच वातानुकूलन सुरू करता येणारी ही भारतीय मोटार काळाच्या पुढे होती. गिऱ्हाईक मात्र काळाबरोबरच चालत होते.

कायद्याचा अडसर २०१८ मध्ये दूर झाला. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले. घरी चार्जिंगला मुभा आहे, हेही सांगितले. राज्याच्या जुलै २०२१ च्या धोरणाने नाशिकसाठी १०० सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचे उद्दिष्ट ठेवले आणि घरोघरच्या चार्जिंगलाही उत्तेजन दिले.

पण घरगुती बिलाची रचना जुनीच राहिली. वापर वाढेल तसा दर चढत जाणारे टप्पे, आणि वेळेचा उल्लेख कुठेच नाही. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी, युनिटला सातेक किलोमीटर देणारी मोटार सुमारे १४० युनिटे खाते आणि मध्यमवर्गीय घराला सहज वरच्या टप्प्यात ढकलते. रात्री दोनला चार्जिंग लावण्यासाठी घेतलेले महागडे घड्याळ बिलाच्या दृष्टीने निरुपयोगी होते. म्हणूनच चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी घेण्याचे महत्त्व. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय नियमांनी ग्राहकाला तशी जोडणी मागण्याचा हक्क दिला.

आणि मग घड्याळच उलटे फिरले.

सौरऊर्जेमुळे दुपारची वीज मुबलक झाली. शेतीला दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. तिची विस्तारित आवृत्ती २०२३ ची. त्याच वर्षीच्या जूनमध्ये केंद्राने नियम केला की ऊन असतानाच्या तासांचा दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी हवा. राज्यात २८ मार्च २०२५ चा दर आदेश निघाला, काही दिवसांतच स्थगित झाला, २५ जूनला फेरविचार होऊन पुन्हा आला. उद्योगांची रात्रीची सवलत गेली. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हा काळ स्वस्त ठरला. १ जुलै २०२५ पासून वेळ मोजणारे मीटर असलेल्या घरांनाही याच तासांत प्रतियुनिट ८० पैशांची सवलत मिळू लागली. ज्या स्मार्ट मीटरविरुद्ध २०२४ मध्ये राज्यभर रोष उसळला आणि ज्याची प्रीपेड पद्धत सामान्य ग्राहकांपुरती मागे घ्यावी लागली, त्याच मीटरवाचून ही सवलत मिळत नाही.

निफाडच्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येणे हा या उलथापालथीतला निर्विवाद न्याय आहे. सवलत मात्र ज्याच्या दारात दुपारी मोटार उभी असते त्यालाच लाभते : निवृत्त, घरून काम करणारे, छतावर सौर पॅनेल असलेले. बाकीच्यांचा चार्जर दुपारी भिंतीवर मोकळा असतो आणि मोटार अंबडच्या उन्हात तापत असते.

ती संध्याकाळी सातला परतते, नेमकी जाळ्यावरचा ताण वाढलेला असताना. घरगुती बिलात दिवसाची सवलत आहे, संध्याकाळचा अधिभार नाही. सात वाजताचे युनिट आणि पहाटे तीनचे युनिट एकाच दराचे. पाच एचपीची पाणबुडी मोटार ३.७ किलोवॉट ओढते, घरचा चार्जर ७.२ किलोवॉट, म्हणजे जवळपास दोन पंप. गावाकडची नेहमीची डीपी ६३ केव्हीएची असते, आणि असे नऊ चार्जर एकदम सुरू झाले की तेवढ्यानेच ती भरते.