वाटेवरची मैत्री आणि घरचा उंबरठा

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता काटेवाडी ओलांडून भवानीनगरला येतो. एरवी हा मुलूख ओळखला जातो तो नीरेच्या कालव्यावर पोसलेल्या उसामुळे आणि सहकारी साखर कारखान्यामुळे. परंतु ज्येष्ठ-आषाढाच्या संधीला देहूहून निघालेली तुकाराममहाराजांची पालखी याच रस्त्याने पंढरपूरकडे जाते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात, भवानीनगरलगतच्या सणसरला मुक्काम पडतो आणि पुढे बेलवाडीच्या मैदानात अश्व धावतात. या सोहळ्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो एका साध्या गोष्टीचा. सुमारे अडीचशे किलोमीटर एकत्र चालणाऱ्या माणसांची मैत्री कशी जडते, आणि घरचा उंबरठा आला म्हणजे तिचे काय होते?

वारीची परंपरा तुकोबांहून जुनी आहे. मात्र पालखीची आजची रीत त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी, नारायणमहाराजांनी, १६८५ साली घालून दिली. तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीस जात आणि ज्ञानदेवांच्या पादुकांसह पंढरीची वाट धरीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा भागातील आरफळचे हैबतबाबा यांनी ज्ञानदेवांची पालखी स्वतंत्रपणे नेण्यास आरंभ केला. शिंदे सरकारच्या पदरी राहिलेल्या या गृहस्थाने सोहळ्याला लष्करी शिस्त लावली. दिंड्यांना क्रम मिळाला, चोपदार आले, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आले.

या शिस्तीचा मैत्रीशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध जवळचा आहे. लाखोंच्या गर्दीत माणूस एकटाच असतो. दिंडीत तो कुणाचा तरी शेजारी होतो. विणेकरी, टाळकरी, पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया, यांच्या जागा ठरलेल्या असतात. तीच पंगत, तीच राहुटी, पहाटे तोच काकडा आणि संध्याकाळी तोच हरिपाठ. पाय सुजले तर तेल चोळणारा हात शेजारच्याचाच असतो. वर्षानुवर्षे तीच माणसे त्याच दिंडीत भेटतात आणि एखादे वर्षी कुणी दिसले नाही, तर चौकशी होते. शिवाय वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. त्यात वय, विद्या वा जात पाहावयाची नसते. समोरचा जो कोणी असेल तो ‘माऊली’ असतो.

मग प्रश्न उरतो तो कोठे? तो मांडून ठेवला आहे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी. ‘परिपूर्ती’ या १९४९ सालच्या संग्रहातील ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी आपली वारी सांगितली आहे. त्यांची वाट नीरेपलीकडच्या फलटणकडून जाणारी, ज्ञानदेवांच्या पालखीची. दिवसभर एकत्र अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवावयास मात्र वेगळे बसतात, हे त्यांच्या मनाला लागले. त्या स्वतः मराठा बायकांच्या पंगतीस जाऊन बसल्या. तेव्हापासून त्या बायका अधिक मोकळ्या झाल्या, हात धरून बरोबर चालू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. पुण्यास भेटावयास येऊ, असेही काहीजणी म्हणाल्या. त्यावर एका तरुण मुलीने विचारले की, तेथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल ना? या प्रश्नाने इरावतीबाई अंतर्यामी हलल्या.

तो प्रश्न एका मुलीचा असला, तरी त्याचा इतिहास जुना आहे. चोखामेळ्याची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर आहे. सारी वाट चालून आलेल्या अस्पृश्य वारकऱ्यालाही शेवटचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. दहाव्या दिवशी ते सुटले आणि मंदिर हरिजनांस खुले करण्याचे ठरले. वाटेवर माऊली म्हणणाऱ्यांना दारातही माऊली म्हणावयास एवढे प्रायश्चित्त लागले.

आपल्या कॅथलिक वाचकांना ही वाट अगदीच परकी नाही. फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू ग्यि देलरी हे वारकऱ्यांबरोबर चालले. त्यांचा विठोबा-उपासनेवरील ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. इरावतीबाईही तेथेच अध्यापन करीत. युरोपात स्पेनमधील सान्तियागोला, प्रेषित याकोबाच्या समाधीकडे जाणारी यात्रा अशीच शतकानुशतके चालू आहे. तिच्या इतिहासातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. मध्ययुगात ही यात्रा करून परतलेले लोक आपापल्या गावी संत याकोबाच्या नावाने बंधुसंघ स्थापीत. मग हे संघ वाटसरूंना आसरा देत, आजारी सभासदाची विचारपूस करीत आणि मेलेल्याला सन्मानाने मूठमाती देत. वाटेवर जडलेल्या स्नेहाला त्यांनी घरी आल्यावर काम नेमून दिले.

आम्हांला वाटते, मैत्री टिकण्याचे मर्म येथे आहे. वाटेवर सर्वांचे पाय सारखेच दुखतात, ऊन-पाऊस सर्वांना सारखाच लागतो, म्हणून तेथे समता सोपी जाते. घरी आल्यावर जो तो आपल्या आळीत, आपल्या नात्यागोत्यात शिरतो. तेथे जुनी ओळख आपोआप चालत येत नाही. ती मुद्दाम बोलवावी लागते, पाट मांडून जेवावयास बसवावी लागते. आपणही पायी यात्रांना जातो, अनोळखी माणसांचे पाणी पितो, त्यांच्या ओट्यावर निजतो. त्यांपैकी किती जण नंतर आपल्या पंगतीस बसले, हे प्रत्येक कुटुंबाने मोजून पाहावे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर वाटेवर देता येत नाही. ती दाराशी येऊन उभी राहील तेव्हाच ते द्यावे लागेल.