बझवर्ड बिंगो
मोठ्या कंपन्यांतील पोकळ परिभाषेची टर उडविणारा, बैठकीत चोरून खेळायचा खेळ. संगणक बनविणाऱ्या ‘सिलिकॉन ग्राफिक्स’ या अमेरिकन कंपनीतील शास्त्रज्ञ टॉम डेव्हिस यांनी तो १९९३ मध्ये काढला. तक्त्यावरील चौकोनांत ‘सिनर्जी’, ‘पॅराडाइम’, ‘प्रोअॅक्टिव्ह’ असे शब्द असतात. साहेबांच्या तोंडून शब्द पडला की त्यावर फुली मारायची. आडवी, उभी वा तिरपी ओळ भरली की डाव जिंकला. साहेबांदेखत ओरडायची सोय नसल्याने विजेता खोकल्याआड ‘बिंगो’ म्हणतो. एरवी पेंगणारी मंडळी यामुळे शब्द न् शब्द कान टवकारून ऐकतात. अर्थाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते, आणि बहुतेकदा तो नसतोही.

स्कॉट अॅडम्स यांच्या ‘डिल्बर्ट’ या व्यंगचित्रमालिकेत १९९४ मध्ये झळकल्यावर हा खेळ कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचला. १९९६ मध्ये एमआयटीच्या पदवीदान समारंभात अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर बोलणार होते. तंत्रज्ञानाविषयीचे मोठमोठे शब्द हा त्यांचा हातखंडा. विद्यार्थ्यांनी त्यांच्या भाषणासाठी खास तक्ते छापून वाटले. गोर यांना त्याचा सुगावा लागला होता. भाषणातच त्यांनी बिंगोची थट्टा करून घेतली.