खाचरातला बुडबुडा

लावणीच्या दिवसांत चिखलणी झालेल्या खाचरात पाय टाकला की तो पोटरीपर्यंत रुतायचा आणि टाचेभोवती बुडबुडे वर यायचे. लहानपणी मी आत्याला विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "बेडूक असेल. तू तो तरवा दे आधी."

पुढे जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आत्याच्या बेडकाचं नाव मिथेन, हे तोवर कळलं होतं. पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, आणि त्याच्याशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून हा वायू बनवतात. गंमत म्हणजे बुडबुड्यांतून त्यातला थोडाच निघतो. बराचसा भाताच्या रोपातल्या पोकळ्यांतून गुपचूप हवेत जातो. पण याच वायूवरून दिल्लीच्या शास्त्रज्ञांना एकदा कंबर कसावी लागली होती, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात समजलं.

१९९०चा सुमार. हवामानबदलाच्या जागतिक कराराची बोलणी सुरू होत होती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातली भातशेती वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सोडत होती. आकडा आला कुठून? मोजमापं युरोप-अमेरिकेतल्या शेतांतली, त्यांना आपल्या क्षेत्रफळानं गुणलेलं. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनं तापमानवाढीला जबाबदार असलेल्या पहिल्या पाच देशांत भारताला बसवलं. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१मध्ये पुस्तिका काढून त्याला उत्तर दिलं: पोटासाठी भात लावणाऱ्याचा मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसा तोलता?

सवाल बिनतोड होता. पण वाटाघाटींच्या टेबलावर नुसत्या सवालानं भागत नाही, समोर आकडा ठेवावा लागतो. तो आणण्याचं काम आशेष प्रसाद मित्रा यांनी अंगावर घेतलं. माणूस मूळचा रेडिओलहरींचा आणि आयनोस्फिअरचा अभ्यासक, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा माजी संचालक. आभाळाकडे पाहणारा हा माणूस चिखलाकडे वळला. १९९१च्या भातहंगामात देशातल्या निरनिराळ्या भातपट्ट्यांत मोजणी झाली.

पद्धत आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही समजावून सांगता येईल अशी. रोपांवर तळ नसलेली पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, कडा पाण्यात बुडवायच्या. ठरावीक मिनिटांनी सिरिंजनं आतली हवा काढायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासायची. मिथेन किती वाढला, यावरून त्या तुकड्याचा हिशेब निघतो. हेच पुन्हा पुन्हा, लावणीपासून कापणीपर्यंत.

उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. म्हणजे आधीच्या आकड्याच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतकं. कारण उघड होतं. आपल्याकडचं पुष्कळ भात पावसावरचं. पाणी हंगामभर एकसारखं तुंबलेलं राहत नाही, मध्ये उघडीप पडली की माती हवा घेते. हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्यानं सांगितलं असतं, पण त्याला विचारणार कोण?

१९९२च्या रिओ करारानं प्रत्येक देशावर आपल्या वायूंचा जमाखर्च मांडण्याची जबाबदारी टाकली. भारतानं २००४मध्ये पहिला अहवाल सादर केला, त्यात १९९४ सालचा भातशेतीचा मिथेन ४१ लाख टनांच्या आसपास होता. पुढे जानेवारी २०१०मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांना कळवलं, की २००५च्या तुलनेत २०२०पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नामागचं उत्सर्जन २० ते २५ टक्क्यांनी उतरवू, मात्र त्या हिशेबात शेती धरणार नाही. २०२१मध्ये ग्लासगोत मिथेनकपातीची जागतिक प्रतिज्ञा झाली, तिच्यावरही भारतानं सही केली नाही. दोन्ही वेळा लहान शेतकऱ्याच्या बाजूनं हे ठामपणे बोलता आलं, त्यामागे माझ्या मते त्या उपड्या पेट्यांचं बळ आहे. आकडा उसना असता, तर आश्वासनही दुसऱ्यांनी लिहून दिलेलं असतं.

मात्र या मोजणीचा आपण सोयीचा तेवढाच अर्थ घेतला. हंगामभर पाणी भरलेली खाचरं जास्त मिथेन सोडतात आणि मध्ये पाणी आटू दिलं की तो घटतो, हेही त्याच पेट्यांनी दाखवलं. त्यात पाणीही वाचतं. बाहेरच्यांशी भांडताना वापरलेलं हे ज्ञान आता बांधावर पोचवायला हवं. नाहीतर आत्याचं उत्तर काय वाईट होतं?