कटात नसलेल्या माणसाचा शोध

१/
१९ एप्रिल १९९५, सकाळचे ९ वाजून २ मिनिटे. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे सरकारी कार्यालये असलेल्या मर्रा इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवण्यात आला. १६८ जणांचा बळी गेला. त्यांत १९ बालके होती. पुढे तपासयंत्रणा ज्या दुसऱ्या संशयिताचा देशभर शोध घेत राहिली, त्याचा या कटाशी संबंधच नव्हता.

२/
स्फोटानंतर सापडलेल्या ट्रकच्या आसावरील क्रमांकावरून माग निघाला तो कॅन्सस राज्यातील जंक्शन सिटीच्या एका गॅरेजपर्यंत. १७ एप्रिल रोजी टिमथी मॅकव्हे याने खोट्या नावाने तेथून ट्रक भाड्याने घेतला होता. त्याला पाहणारे साक्षीदार तीन : गॅरेजचा मालक, कार्यालयातील एक महिला आणि एक मेकॅनिक.

३/
मेकॅनिकने दोन माणसांचे वर्णन केले. दुसरा दणकट बांध्याचा, डोक्यावर टोपी, दंडावर गोंदण. २० एप्रिलला दोघांची रेखाचित्रे प्रसिद्ध झाली. अमेरिकी पोलिसांत अनोळखी इसमाला ‘जॉन डो’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी ‘जॉन डो क्रमांक १’ म्हणजे मॅकव्हे, हे लवकरच स्पष्ट झाले. ‘क्रमांक २’ मात्र कोठेच सापडेना.

४/
येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साथीदाराचे स्पष्ट वर्णन प्रारंभी एकट्या मेकॅनिकने केले होते. उरलेल्या दोघांना ते करता आले नव्हते. कालांतराने मात्र तेही दुसरा माणूस आठवत असल्याचे सांगू लागले. मधल्या काळात तिघांचे या विषयावर आपसांत बोलणे झाले होते.

५/
मग हा दुसरा माणूस कोण? मॅकव्हे येऊन गेल्यानंतर दुसऱ्याच दिवशी एक सैनिक आपल्या सोबत्यासह त्याच गॅरेजमध्ये आला होता. त्याचे रूप रेखाचित्राशी जुळत होते. कटाशी मात्र त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जून १९९५ मध्ये तपासयंत्रणेने ही बाब जाहीर केली. आपण दोन दिवसांच्या आठवणींची गल्लत केली, हे पुढे मेकॅनिकनेही मान्य केले.

६/
मेकॅनिकची चूक समजण्यासारखी आहे. पण इतर दोघांना तीच चूक ‘आठवली’ कशी? याचे उत्तर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठातील एका प्रयोगात दिसते. जोडीतील दोघांना एकाच प्रसंगाची दोन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रफीत दाखवली गेली. एकाला दिसणारे काही तपशील दुसऱ्याला दिसणे शक्यच नव्हते. आपण एकच फीत पाहिली, अशी मात्र दोघांची समजूत होती.

७/
नंतर त्यांना आपसांत चर्चा करू देण्यात आली आणि मग प्रत्येकाला एकट्याने विचारण्यात आले. चर्चा केलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेला, केवळ जोडीदाराकडून कळलेला निदान एक तपशील आपल्या साक्षीत सांगितला.

८/
यात लबाडी नसते. माणसाला तपशील लक्षात राहतो, पण तो डोळ्यांनी पाहिला की कानांनी ऐकला, याची नोंद पुसट होत जाते. शिवाय समोरचा ठामपणे बोलत असला की आपल्याच पाहण्यात काही राहून गेले असावे, असे वाटू लागते. अशा वेळी उसनी आठवणही प्रामाणिकपणे आपलीच वाटते.

९/
सप्टेंबर २००३ मध्ये स्टॉकहोममधील एका दुकानात स्वीडनच्या परराष्ट्रमंत्री आना लिंड यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. घटनेनंतर साक्षीदारांना एकाच खोलीत बसवून ठेवण्यात आले. हल्लेखोराच्या अंगात लष्करी ठिपक्यांचे जाकीट होते, असे तेथे कोणीतरी बोलले आणि मग अनेकांच्या जबानीत ते जाकीट उमटले. कॅमेऱ्याने टिपलेल्या मारेकऱ्याच्या अंगात तसे जाकीट नव्हते.

१०/
अशा चुकीची किंमत मोठी असते. ओक्लाहोमा खटल्यात मॅकव्हेचा साथीदार टेरी निकोल्स याच्या बचावपक्षाने याच ‘क्रमांक २’चा आधार घेतला. खरा गुन्हेगार मोकळाच आहे, ही शंकाही अनेकांच्या मनात घर करून राहिली. म्हणूनच साक्षीदारांना तत्काळ वेगळे करावे, प्रत्येकाची जबानी स्वतंत्रपणे नोंदवावी आणि ‘हे आपण पाहिले की ऐकले?’ असे आवर्जून विचारावे, यावर अभ्यासक भर देतात.

११/
इतिहासाच्या वाचकाला हे तत्त्व नवे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींच्या बहुमतापेक्षा एका अस्सल समकालीन कागदाला अधिक मान दिला. एकीने दुसरीवरून घेतलेली हकीकत दहा बखरींत आली, तरी पुरावा दहापट होत नाही. जंक्शन सिटीच्या गॅरेजमध्येही तेच घडले. साक्षीदार तीन होते. साक्ष मात्र एकच होती, आणि तीही चुकलेली.