चूक कुठे लपते? साखळीपासून लेसरपर्यंत

ठाणे आणि कल्याण यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर आणि खाडी आहे. आगगाडीच्या दृष्टीने हा अडचणीचा मुलूख. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला थांबली. पुढे खाडीवर पूल झाला, रूळ डोंगराच्या टोकाला वळसा घालून गेले आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोचली. १९१६ साली डोंगर सरळ फोडून सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा वापरात आला. याच भागात आता तिसरा मार्ग आखला गेला आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये भूमिपूजन झालेल्या मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघतो, ठाण्याच्या खाडीखालून जातो आणि शिळफाट्याला बाहेर येतो. तिथून मार्ग म्हातार्डी, आगासन या बाजूने उत्तरेकडे जातो.

या ५०८ किलोमीटरच्या मार्गाची पाहणी आकाशातून लेसर किरण सोडून केली गेली. भारतातील रेल्वे प्रकल्पासाठी असे प्रथमच घडले. एरवी कित्येक महिने खाणारे काम बारा आठवड्यांत उरकले आणि अचूकता १०० मिलिमीटरची, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले होते. मार्गासाठी लागणारी जमिनीची पट्टी साधारण १७.५ मीटर रुंदीची. तेव्हा रेघ पाच मीटर इकडे की तिकडे, यावर कुणाचे घर राहणार आणि कुणाचे जाणार हे ठरते.

इथे प्रश्न उभा राहतो. आपल्या हातातला मोबाईल मोकळ्या मैदानातही आपली जागा पाचेक मीटरने चुकवतो. उडत्या यंत्रालाही आपली जागा त्याच उपग्रहांकडून कळते. मग दहा सेंटिमीटरची अचूकता येते कुठून? यंत्र महागडे असते, हे उत्तर अपुरे आहे. खरे उत्तर दोनशे वर्षांहून जुने आहे आणि ते समजून घेण्यासाठी आपल्याला साखळीपासून सुरुवात करावी लागेल.

सोळा आण्यांची साखळी

मुंबई इलाख्यात जमीन मोजण्याची साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हे कोष्टक आपण आजही वापरतो.

साखळीत एक खोड असते. रोज ओढून ओढून तिच्या कड्या झिजतात आणि ती लांब होते. समजा, ३३ फुटांची साखळी एका इंचाने वाढली. लांबीतली चूक ३९६ त एक, म्हणजे पाव टक्का. क्षेत्रफळात ती दुप्पट होते. लांब झालेली साखळी शेतात कमी वेळा बसते, म्हणून शेत कमी भरते. एकराला सुमारे २२० चौरस फूट, म्हणजे चांगली ऐसपैस खोली, कागदावरून नाहीशी होते.

ही चूक शंभर वेळा मोजून सरासरी काढली तरी जात नाही, हे महत्त्वाचे. मोजणाऱ्याचा हात कधी पुढे तर कधी मागे पडतो. ती यादृच्छिक चूक. सरासरीत ती बरीचशी विरून जाते. साखळीची चूक मात्र दर वेळी एकाच दिशेने होते. ही पद्धतशीर चूक. ती मोजमापाच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही, कारण सगळे आकडे एकमेकांशी अगदी जुळतात! इलाख्यात १८२७ च्या सुमारास प्रिंगल यांनी केलेली मोजणी चुकांमुळे आणि गैरप्रकारांमुळे सोडून द्यावी लागली. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नव्याने सुरुवात केली. मोजलेले नंबर वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा मोजून पाहायचे, हा या पद्धतीचा कणा होता.

लॅम्बटनची दुसरी साखळी

पद्धतशीर चूक पकडायची कशी? विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची आधाररेषा मोजली आणि भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. त्यांची पोलादी साखळी शंभर फुटांची होती. पोलाद एक अंश सेल्सियसने तापले की दहा लाख भागांत सुमारे बारा भाग वाढते. सकाळ-दुपारच्या तपमानात दहा अंशांचा फरक धरला, तर शंभर फुटी साखळी साडेतीन मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते आणि बारा किलोमीटरमध्ये जवळजवळ दीड मीटरचा घोळ होतो. म्हणून लॅम्बटन साखळी लाकडी पेट्यांत ठेवून मोजत, शेजारी तपमापक ठेवत आणि प्रत्येक मापाला तपमानाची दुरुस्ती लावत.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे दुसरी साखळी. ती मोजणीसाठी नव्हतीच. कामाची साखळी किती झिजली हे ताडून पाहण्यासाठी ती जपून ठेवलेली होती. चूक टाळता येत नाही. पण ज्ञात असलेल्या गोष्टीशी तुलना करून ती मोजता येते आणि मोजलेली चूक वजा करता येते. लेसर आणि उपग्रहांच्या युगातही याहून वेगळे काही केले जात नाही. हेच काम पुढे नेत असता २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन यांचे आपल्या हिंगणघाटला निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे.

चूक नव्हे, शोध

सर्वच तफावती वजा करून टाकायच्या नसतात. सर्वेक्षणात मध्य भारतातील कल्याणपूर (आपल्या कल्याणशी नावापुरतेच साम्य) आणि दिल्लीच्या उत्तरेचे कलियाना या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनी काढला होता, त्रिकोण मोजून आणि तारे पाहून. दोन उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक आला. जमिनीवर हे अंतर सुमारे १६० मीटर होते. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही मोजणीत साठत गेलेली चूक मानली.

कलकत्त्याचे धर्मोपदेशक आणि गणिती जॉन प्रॅट यांना ते पटले नाही. हिमालय आपल्या वस्तुमानाने ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार आणि ओळंबा तिरपा झाला की ताऱ्यांवरून काढलेला अक्षांश चुकणार, असे त्यांनी दाखवले. मात्र त्यांच्या १८५५ च्या गणिताप्रमाणे ही तफावत १५.८८५ विकला यायला हवी होती. प्रत्यक्षात ती तिच्या एकतृतीयांशच होती. हिमालय दिसतो तेवढा ‘जड’ का नाही? त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी सुचवले, की पर्वतांना खाली हलक्या खडकांची मुळे असतात आणि ते पाण्यावरच्या लाकडासारखे तरंगतात. भूकवचाच्या समतोलाची ही कल्पना मोजणीतल्या न जुळणाऱ्या आकड्यातून जन्मली.

घड्याळ चुकले की जागा चुकली

आता उपग्रहांकडे वळू. उपग्रहाचा संदेश यायला किती वेळ लागला हे मोजून आपला ग्राहक अंतर काढतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे इथे साखळीची जागा घड्याळाने घेतली आणि साखळीची खोडही घड्याळात आली. सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार जीपीएस उपग्रहावरचे घड्याळ वेगामुळे रोज सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते आणि कमी गुरुत्वामुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. हा ३८ मायक्रोसेकंदांचा हिशेब केला नाही, तर एका दिवसात अंतर ११ किलोमीटरनी चुकेल.

दुसरी चूक आयनांबराची. विद्युत्भारित कणांच्या या थरात संदेश रेंगाळतो आणि अंतर काही मीटरपासून काही दशक मीटरपर्यंत जास्त भरते. भारतात ही अडचण विशेष आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण टोकाजवळून जाते आणि आयनांबरातील कणांची गर्दी गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात शिगेला पोचते. ठाणे या चढावर मध्येच येते. तिसरी चूक मुद्दाम केलेली होती. नागरी वापराचे संदेश अमेरिकेने हेतुतः बिघडवले होते आणि त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० च्या आरंभी हा प्रकार बंद झाला.

उपाय लॅम्बटनचाच! ज्या खांबाची जागा अचूक ठाऊक आहे, त्यावर एक ग्राहक कायम ठेवायचा. उपग्रह त्याला जी जागा सांगतील ती आणि खरी जागा यांतला फरक म्हणजे त्या क्षणाची चूक. काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या ग्राहकाचीही चूक जवळपास तेवढीच असणार, कारण दोघांवर उपग्रह तेच आणि आयनांबरही तेच. ती वजा करायची. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी कायम चालणारी संदर्भकेंद्रे उभारली आहेत आणि शेतात रोव्हर घेऊन येणारा भूकरमापक त्यांचाच आधार घेतो. विमानांसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी विकसित केलेली ‘गगन’ प्रणाली हेच काम देशभरासाठी करते. तिला २०१३ आणि २०१५ साली टप्प्याटप्प्याने मान्यता मिळाली.

पण या उपायाला मर्यादा आहे. डोंबिवलीच्या दाट इमारतींत संदेश भिंतींवर आपटून वळसा घेत येतो. ही चूक त्या गल्लीपुरतीच असते, खांबावरच्या ग्राहकाला तिचा पत्ता नसतो. जी चूक दोघांची समान नाही, ती वजाबाकीने जात नाही.

एकच छप्पर दोनदा

लेसर यंत्र सेकंदाला हजारो स्पंद खाली सोडते आणि परतीचा वेळ मोजते. इथे अब्जांश सेकंदाला १५ सेंटिमीटर, कारण प्रवास दुहेरी आहे. पण किरण कुठून आणि कोणत्या दिशेने सुटला, हेही कळावे लागते. यंत्र विमानात अगदी ०.०१ अंशाने तिरपे बसले असेल, तर हजार मीटर उंचीवरून जमिनीवरचा बिंदू १७ सेंटिमीटरने सरकतो. हा तिरपेपणा पट्टीने मोजता येत नाही.

म्हणून एकाच भागावरून उलटसुलट दिशांनी दोनदा उडतात. चूक यंत्राबरोबर फिरते, छप्पर जागचे हलत नाही. साहजिकच एकच छप्पर दोन ठिकाणी दिसते. दोन्ही छपरे एकमेकांवर बसेपर्यंत गणितात यंत्राचा कोन बदलत जायचे. मग जमिनीवरच्या ज्ञात खुणांशी पडताळा घ्यायचा. एवढे करूनही खाडीकाठच्या कांदळवनात किरण जमिनीऐवजी पानांवरूनच परततो आणि पाण्यावरून बहुधा परततच नाही. तिथे माणसालाच उतरावे लागते.

उंचीचे प्रकरण आणखी गमतीचे आहे. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून. आपल्या किनाऱ्यावर समुद्राची खरी पातळी या लंबगोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. त्यामुळे कल्याणच्या खाडीकाठी दुरुस्ती न केलेला आकडा आपल्याला समुद्राखाली नेऊन ठेवतो! तो सावरण्यासाठी समुद्राच्या सरासरी पातळीचा आधार लागतो. ही पातळी मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून, १८७८ पासून, ठरवली जात आली.

नकाशा चुकला की बांध सरकला?

जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या लंबगोलावर आधारले आहेत, उपग्रहांचे आकडे वेगळ्या, जागतिक लंबगोलावर. रूपांतर न करता एक दुसऱ्यावर ठेवला, तर आपल्या भागात सारे गाव शंभर मीटरच्या घरात सरकते. हे लगेच ध्यानात येते. फसवी असते ती एक-दोन मीटरची तफावत. तिच्यात झिजलेली साखळी असेल, आक्रसलेला कागद असेल किंवा खरोखर सरकलेला बांधही असेल. नवे यंत्र अचूक आहे एवढ्यावरून शेतकऱ्याला चोर ठरवता येत नाही. भूसंपादनात संबंधितांसमक्ष संयुक्त मोजणी करतात ती याचसाठी.

बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाहीत. बाहेरच्या खुणांवरून दिशा आत न्यावी लागते आणि एका विकलेची चूक पाच किलोमीटरवर अडीच सेंटिमीटर होते. घणसोली-शिळफाटा दरम्यानचा सुमारे ४.८८ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला, तेव्हा मोजणीची परीक्षाही त्याच क्षणी झाली. समोरासमोरून येणारे बोगदे जुळतात किंवा जुळत नाहीत. तिथे सारवासारव चालत नाही.

शाळेच्या मैदानात हा धडा सहज करता येईल. एका खुणेवर मोबाईल ठेवून आठवडाभर रोज अक्षांश-रेखांश टिपावेत आणि ते आलेखकागदावर मांडावेत. बिंदू विखुरलेले दिसतील, ती यादृच्छिक चूक. मग दोन मोबाईल दोन खुणांवर ठेवून एकाच वेळी आकडे घ्यावेत, वजाबाकी करावी आणि टेपने मोजलेल्या अंतराशी ताडून पाहावे. दोन्ही मोबाईल सारखेच चुकले, तर अंतर बरेच जुळेल. नाही जुळले, तर प्रत्येकाची चूक निराळी आहे हे कळेल. शेवटी टेपही दुसऱ्या टेपशी ताडावी. ‘टेप बरोबर कशावरून?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, की समजावे, लॅम्बटनची दुसरी साखळी वर्गात पोचली.