विमानाच्या पत्र्याचे कवच

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम दमट हवेत चांगले टिकते. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. पण विमानाचा भार पेलण्याइतके ते मजबूत नसते. 1906 साली जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना आढळले, की सुमारे 4 टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून एकदम थंड केले, तर पुढे काही दिवस ते आपोआप कठीण होत जाते. हेच ड्युरालुमिन. झेपेलिन या वायुजहाजांचे सांगाडे त्याचे झाले, पुढे विमानेही.

तांब्याने बळ दिले, तसा गंजही आणला. तांबेयुक्त सूक्ष्मकण धातूच्या स्फटिककणांमधील सीमांवर, म्हणजे कणसीमांवर, साचतात. त्यांना खारट ओलावा मिळाला, की तेथे चिमुकले विद्युतघट तयार होतात आणि शेजारचे अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. ही झीज कणसीमांवाटे आत शिरते. पत्रा वरून धड दिसतो, पण ठिसूळ झालेला असतो. म्हणूनच ती इतकी घातक.

समुद्रावर उतरणाऱ्या विमानांना याचा सर्वाधिक त्रास होई. त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी 1923 मध्ये अ‍ॅनोडायझिंगची रीत काढली. क्रोमिक आम्लात सुटा भाग धनाग्राला जोडून वीज सोडायची, म्हणजे नैसर्गिक थर कित्येक पटींनी जाड होतो. नंतर सल्फ्युरिक आम्लाची रीतही आली. मात्र सांध्यांत अडकलेले सल्फ्युरिक आम्ल धातू खाते, क्रोमिक आम्लाचा तसा धोका फारसा नाही. त्यामुळे विमानोद्योगाने जुनी रीत दीर्घकाळ सोडली नाही.

याहून देखणी कल्पना अमेरिकेतील अल्कोआ कंपनीचे ई. एच. डिक्स यांनी 1927 मध्ये मांडली: अ‍ॅलक्लॅड. मिश्रधातूच्या लादीवर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ठेवून ती तापवून लाटायची. थर एकजीव होतात. बळ गाभ्याचे, गंजरोध वरच्या थराचा. ओरखडा पडून गाभा उघडा पडला, तरी आसपासचे शुद्ध अ‍ॅल्युमिनियम आधी झिजते आणि गाभा वाचतो. रंगाच्या थराला हे जमत नाही. अर्थात हा थर पातळ असल्याने पत्रा वारंवार घासून चकाकवणे त्याला मारक ठरते.

पत्र्याखालच्या फासळ्यांवर आणि सांध्यांवर पिवळसर-हिरवा झिंक क्रोमेट प्रायमर बसू लागला. ओल शिरताच त्यातील क्रोमेट विरघळून गंज रोखते. परंतु क्रोमेट आणि क्रोमिक आम्ल या दोन्हींतील षट्संयुजी क्रोमियममुळे कर्करोग होतो. त्यामुळे युरोपात त्यावर कडक बंधने आली आणि टार्टारिक-सल्फ्युरिक आम्लातील अ‍ॅनोडायझिंग क्रोमिक आम्लाची जागा घेऊ लागले.