कोलोनचे अत्तर आणि मानेवरचे डाग

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलोन शहरात योहान मारिया फारिना या इटालियन गंधकाराने एक हलके सुगंधी जल तयार केले. त्याचा ताजेपणा मुख्यतः बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतील तेलामुळे होता. दोनशे वर्षे युरोपने ते निःशंकपणे अंगाला लावले.

१९१६ साली फ्रॉइंड या त्वचारोगतज्ज्ञाने काही रुग्णांच्या अंगावरील विचित्र तपकिरी पट्ट्यांची नोंद केली. कोलोन लावून ही माणसे उन्हात गेली होती आणि अत्तर जिथून ओघळले होते, नेमके तिथेच डाग उमटले होते. १९२५ मध्ये रोझेंथालने या विकाराला ‘बर्लोक’ हे नाव दिले. त्यामागे लोलक या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. मानेवरचा डाग खरोखर साखळीतल्या लोलकासारखा दिसे.

आता खरा पेच. त्वचेवरील परीक्षेची पद्धत तेव्हा उपलब्ध होती. योझेफ याडासोनने १८९५ सालीच ‘पॅच टेस्ट’ मांडली होती : संशयित पदार्थ त्वचेवर ठेवायचा, पट्टीने झाकायचा, एकदोन दिवसांनी पाहायचे. ॲलर्जी ओळखण्यासाठी ती आजही वापरतात. पण बर्गामोटचा दोष तिच्यातून सहज निसटतो, कारण पट्टीखाली अंधार असतो.

१९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या कुस्केने हे कोडे उलगडले. वनस्पतीतील फ्युरोकुमारिन गटाची द्रव्ये आणि प्रकाश एकत्र आले की त्वचा भाजते, हे त्याने प्रयोगाने दाखवले. बर्गामोटमधील ‘बर्गॅप्टेन’ याच गटातले. ही द्रव्ये पेशीच्या डीएनएत शिरतात आणि अतिनील किरण पडताच त्याला घट्ट चिकटतात. लाली दोन-तीन दिवसांनी भरात येते, डाग महिनोन्महिने राहतो. ही ॲलर्जी नव्हे. मात्रा आणि ऊन पुरेसे असेल तर कोणालाही होऊ शकते.

याच गटातल्या ‘सोरालेन’चे नाव ज्या सोरालिया वनस्पतीवरून पडले, तिला मराठीत बावची म्हणतात. आयुर्वेदात कोडावर बावची लावून रुग्णाला उन्हात बसवण्याचा उपचार जुना आहे. कोलोन लावणाऱ्यांना जो डाग शाप वाटला, तोच इथे औषध म्हणून हवा होता! ‘वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी’ ही जाहिरातीतील समजूत या दोन टोकांपुढे फारच भाबडी ठरते.

पुढे सुगंध-उद्योगाने अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत बर्गामोट तेलाच्या प्रमाणावर मर्यादा घातली आणि बर्गॅप्टेन काढून टाकलेले तेल बाजारात आले. २००४ साली ओईसीडीने प्रकाश-विषारीपणाच्या चाचणीचे मार्गदर्शक सूत्र स्वीकारले. त्यात ना माणूस, ना ससा. उंदराच्या पेशींच्या दोन तबकड्यांत तोच अर्क घालतात. एक अंधारात ठेवतात, दुसरीवर अतिनील प्रकाश सोडतात आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या तबकडीतील पेशी जगल्या, हे तांबड्या रंगद्रव्याने मोजतात.